काळ्या अंगावरची पिवळी रेघ

“उमट गं बाई, एकदा तरी पिवळी उमट!”

हा आवाज पेतेमिनचा. तो जाऊन युगं लोटली. पण मित्रांनो, कुणी मला हातात घेतलं की अजून आधी तोच ऐकू येतो. मी एक जुनी कसोटी आहे. सोनं खरं की खोटं ते सांगणारा काळा, गुळगुळीत दगड.

नाईलच्या पूर्वेला, वाळवंटातल्या एका कोरड्या ओढ्यात मी पडून होते. पेतेमिनच्या वडिलांनी मला उचललं, तेलात मुरवलं आणि मिन देवाच्या गावी, पानोपोलिसला आणलं. ते देवळातले सोनार. मूर्तींना सोन्याचा मुलामा देत. पेतेमिनचं मन मात्र मुलाम्यावर भरेना. लोकर जशी आतपर्यंत रंग पिते, तशी चांदीही पिईल, असं त्याला वाटे. धातू जमिनीच्या पोटात पिकतात, मग कच्ची चांदी भट्टीवर का पिकू नये? तो मडक्यात गंधक आणि हरताळाची पिवळी पूड घाली, वर चांदीची पट्टी टांगी, तोंड मातीनं लिंपी आणि मंद आचेवर ठेवी. मग ती पट्टी माझ्या अंगावर घाशी.

शेजारी पशाय रंगारी. तो भिंतीवरून डोकावे.

“काय पेतेमिन, पिकली का चांदी?”

“हिरवी आहे अजून.”

“मग खजुरासारखी आढीत घाल की! निदान माश्या तरी खातील.”

“तुझ्या हौदाच्या वासानं गावात माशी उरलीय का रे?”

दोघं हसत. घरात जात्यावर बसलेली पेतेमिनची बायको, तिसोई, हसत नसे. ती आपली हळू आवाजात गाई:

*सोनं सोनं पाण्यावरी, दिसे बाई पहाटेला*
*ओंजळीत घेता घेता, पाणी उरे ओंजळीला*

लिंपलेल्या मातीला भेग पडली की पिवळसर धूर सुटे. त्या धुरानं पेतेमिनचा खोकला वाढला, डोळे सुजले.

“अहो, पुरे करा आता,” तिसोई म्हणे. “डोळे बघा, पिकून फुटलेल्या अंजिरासारखे झालेत.”

“एकदा, तिसोई. एकदाच खरी रेघ उमटू दे. मग ही भट्टी मी माझ्या हातानं फोडीन. मिनची शपथ!”

ती शपथ तिनं मनात धरून ठेवली.

एका सकाळी पेतेमिननं माझ्यावर आधी खऱ्या सोन्याची रेघ ओढली, शेजारी आपल्या पट्टीची. आता वर मीठ घातलेला आंबट शिरका ओतायचा. खोटी रेघ त्यात काळवंडते आणि जाते. पण त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

“शिरका तू ओत गं. मी डोळ्यांवर पाणी मारून येतो.”

तिनं ओतला. पट्टीची रेघ हिरवी झाली, काळी झाली, विरून गेली. तिसोईनं एकदा अंगणाकडं पाहिलं. मग कानातली आईनं दिलेली सोन्याची बाळी काढली आणि गेलेल्या रेघेच्या जागी ओढली. लोण्यावरून बोट फिरावं तशी ती मऊ होती, आणि तिच्या कानाची ऊब अजून तिच्यात होती. मित्रांनो, मी ती रेघ अंगावर घेतली. दगडच मी. अंग आक्रसून घेणं मला कुठलं येणार?

पेतेमिन आला. त्यानं पाहिलं आणि तिथंच खाली बसून तो रडला. पशाय भिंत ओलांडून आला. “अरे, खरंच की! आता शेजाऱ्याला ओळख दे हो!” त्या दिवशी ज्यानं त्यानं मला हात लावला. पेतेमिननं मला कोऱ्या तागाच्या कापडात गुंडाळलं. “हिला खोटं बोलता येत नाही,” तो म्हणाला. आणि सोनं खरंच होतं हो. तेच मला अजून टोचतं.

तिसोईनं हातोडा आणून त्याच्यापुढं धरला.

“फोडा.”

“आता? वेडे, आता तर वाट सापडली!”

दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टी वाढवली.

पुन्हा कधीच ती रेघ उमटली नाही. गंधक कमी पडला का? बाभळीऐवजी दुसरी लाकडं होती का? तो स्वतःलाच विचारी आणि स्वतःलाच बोल लावी. तिसोई दर वेळी उठून जात्यावर जाऊन बसे. गाणं मात्र थांबलं होतं. बाळीची घासलेली बाजू ती मानेकडं वळवून घाली.

पुढं त्याचे डोळे गेले. रेघ बघायलाच कुणी उरलं नाही. कापड चिंधी झालं, आणि मी जवाच्या दारूच्या रांजणावर झाकण दाबायला जाऊन बसले. तिथं बसून मी सगळं ऐकत होते.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. कसोटी वापरली की राखेनं स्वच्छ पुसून ठेवावी. आणि मायेनं ओढलेली खोटी रेघ तर त्याच दिवशी पुसावी. ती जितकी राहते तितकी आत मुरत जाते.

मग एका वर्षी पुराचं पाणी अंगणाच्या पायरीला लागलं होतं. आंधळा पेतेमिन चाचपडत भट्टीपाशी आला.

“तिसोई, आज भाता तू ओढ. मला दम पुरत नाही.”

ती बसली. मडक्याची माती तडकली, धूर सुटला आणि तिला खोकला आला. कोरडा, खोल, अगदी त्याच्यासारखा. पेतेमिननं मान वळवली.

“तूसुद्धा?” तो हळूच म्हणाला. “त्या दिवशी मडक्यात काय जास्त पडलं होतं, तेवढं आठवलं असतं, तर तुला या धुरात बसावं लागलं नसतं. मीच करंटा, विसरलो.”

भाता थांबला. तिसोई उठली, तिनं रांजणावरून मला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. मग कानातली बाळी काढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवली. त्याचा अंगठा धरून बाळीच्या झिजलेल्या, सपाट बाजूवर फिरवला.

“तुम्ही काही विसरला नाहीत हो,” ती म्हणाली. “तुमची रेघ त्या दिवशीही काळी पडली होती. पिवळी होती ती या बाळीची. मीच ओढली होती.”