वेगळी भाकर

लातूर जिल्हा झाला त्याच साली पावसानं दगा दिला. नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबानं सडकेचं काम काढलं आणि गावातल्या बाया खडी फोडायला लागल्या. दुपारी लिंबाखाली सगळ्यांची फडकी एकत्र सुटायची. कुणाची चटणी, कुणाचा कांदा, कुणाची नुसतीच कोरडी भाकर. एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात, इथं तिळाचीही वानवा होती. पोट काही भरायचं नाही, पण उपाशी कोण आहे ते लपायचं नाही.

त्या दिवशी केवळाबाई मात्र बांधाआड जाऊन पाठमोरी बसली. नवरा कामासाठी हैदराबादेला गेलेला, घरी सासरा धोंडप्पा आणि दोन लेकरं. ज्वारीचा दाणा संपला तेव्हा तिनं माळ्यावरचं बियाणं काढलं. पाऊस नाही म्हणून पेरायचं राहिलेलं, किडीचं विषारी औषध लावलेलं. लाल रंग जाईपर्यंत तिनं ते धुतलं, वाळवलं, दळलं. पण बी खाणाऱ्या घराची गावात काय अब्रू राहते, हे तिला ठाऊक होतं. ही भाकर चारचौघींत सोडायची तिला लाज वाटत होती.

साखराबाई म्हातारी बारा गावचं पाणी प्यालेली. ती उठून आली, न विचारताच केवळाच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि जिभेला लावताच थुंकली.

"केवळे, हे औषधाचं बी हाय. खाल्लीस का तू?"

"अजून न्हाई."

"अन् घरी?"

केवळा ताडकन उठली. भूक लागली की टोपल्यातलं खा, माझी वाट बघू नका, असं तिनं सकाळी लेकरांना बजावलं होतं. आता ऊन कललं होतं. ती पळत सुटली. तापलेली ढेकळं तळव्यांना भाजत होती. गावात ना धूर, ना आवाज. आपल्याच हातानं आपण घर बुडवलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तिनं दार लोटलं. दोन्ही लेकरं भिंतीकडेला निपचित पडलेली.

धोंडप्पा कोपऱ्यात टोपलं मांडीत घेऊन बसला होता.

"लई रडली, अन् आता झोपलीत," तो म्हणाला. "पर म्या हात लावू दिला न्हाई. माय उन्हात खडी फोडायली अन् आपण आधी गिळायचं व्हय?"

केवळानं टोपलं हिसकावून घेतलं आणि लेकरांना हलवून हलवून जागं केलं. तेवढ्यात साखराबाई धापा टाकत दारात आली. तिनं पदरातली भाकर काढली आणि मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवली. उद्या तिच्याकडं तरी काय असणार होतं, कोण जाणे.

"उद्या लिंबाखालीच बसायचं," ती केवळाला म्हणाली. "काही आणलं न्हाईस तरी."

केवळानं घास तोंडात घातला, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.