दोन ब्रेकांची गाडी

मी शिकाऊ गाडी बोलतेय. पाठीवर लाल अक्षरांची पाटी आणि पोटात दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या. हा दुसरा ब्रेक कारखान्यातून आलेला नव्हता. मास्तरांनी मला विकत घेतल्यावर माझा पत्रा कापून तो बसवला. दुखलं, पण म्हटलं, चला, आता आपल्या हातून कुणाला इजा व्हायची नाही.

माझ्यावर किती तऱ्हेची माणसं शिकली! कॉलेजातली एक मुलगी दोन दिवस नुसती मागे बसून बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी मला सफाईने चौकातून काढून घेऊन गेली. एका निवृत्त साहेबांना प्रत्येक वळण आधी कागदावर काढून द्यावं लागे. एकदा काढलं की मग चुकायचे नाहीत. मास्तरांची शिकवायची तऱ्हा मात्र सगळ्यांना एकच: कानाशी ओरडायचं.

मग दोघी जावा आल्या. धाकटी ऐकल्याबरोबर करायची. "क्लच दाबा, गिअर टाका, हळू सोडा," म्हटलं की झालं! मोठीला सगळे वहिनी म्हणत. सूचनांचा भडिमार सुरू झाला की तिला डावं-उजवं कळेनासं व्हायचं. तिची आजारी आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. "तिचा फोन आला तर कुणाची मनधरणी करायला नको, एवढंच हवंय मला," ती म्हणाली होती.

वहिनीचा नवरा गंमत बघायला मागे येऊन बसायचा. "मास्तर, हिला तीनचाकी सायकल द्या!"

मास्तर त्याच्याहून मोठ्याने हसायचे. 'ही पास झाली तर मिशी उतरवीन,' असं त्यांनी चारचौघांत सांगूनही टाकलं.

एकदा मास्तरांचा घसा बसला. नवराही आला नव्हता. त्या दिवशी वहिनीने मला जसं चालवलं, तसं आजवर कुणीच चालवलं नाही. माझी थरथर तिला तळपायातून कळत होती. चढावर मी कण्हायच्या आत तिने गिअर बदलला. मास्तर बघतच राहिले.

उतरताना ती म्हणाली, "मास्तर, परीक्षेच्या दिवशीही असेच गप्प बसाल?"

मास्तरांनी मान डोलावली.

परीक्षेला अधिकारी मैदानाच्या कडेला उभा होता, नवरा आणि जाऊ कुंपणापाशी, मास्तर नेहमीसारखे वहिनीच्या शेजारी. वहिनीने मला मागे घेतलं, वळवलं, चढावर थांबवलं, पुन्हा सोडलं. शेवटच्या खांबापाशी थांबलं की सुटली. तिचा पाय ब्रेककडे निघालाच होता.

"अहो वहिनी, ब्रेक! कुठला पाय? डावा की उजवा?" मास्तर ओरडले.

तिचा पाय चाचपडला आणि भलतीकडेच पडला. मास्तरांचा बूट त्यांच्या ब्रेकवरच होता. मला त्याचं वजन जाणवत होतं. त्यांनी तो अलगद उचलून घेतला.

माझं नाक चेपलं. वहिनीचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. कुंपणापाशी हशा पिकला.

"मी म्हटलं नव्हतं?" खिडकीतून डोकं काढून मास्तरांनी मिशीवर हात फिरवला.

त्याच हिवाळ्यात तिची आई गेली. फोन आल्यावर नवऱ्याचं जेवण आटोपून तो तिला घेऊन निघेपर्यंत उशीर झाला होता म्हणे. मास्तर हे एका नव्या शिकाऊला सांगत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "हं, पुढे बघा."

आता मी एका गॅरेजमागे गंजत पडलेय. चाकं गेली, दारं गेली. शिकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यांनो, कुणाला ऐकून येतं, कुणाला बघून, कुणाला नुसतं हाताला लागून. एखाद्याला मठ्ठ ठरवण्याआधी एक दिवस तोंड मिटून बसून बघा. माझं एवढंच मागणं आहे.

परवा धाकटी जाऊ आपली गाडी घेऊन गॅरेजात आली. वहिनी मागच्या सीटवर होती. जाऊ फोनवर बोलत रस्त्यापलीकडे गेली.

"ताई, गाडी जरा पुढे घेता का?" मेकॅनिकने विचारलं.

"मला नाही हो येत," वहिनी हसून म्हणाली. "त्याला डोकं लागतं."

आणि खाली उतरून, पदर खोचून, ती गाडी मागून ढकलू लागली.