वीस वजा

नोटीस आली त्या दिवशी मी एका शिकाऊ बाईंना तिसऱ्यांदा रिव्हर्स शिकवून, डोकं धरून घरी आलो होतो. टेबलावर पाकीट फोडून ठेवलेलं, शेजारी आमची धाकटी बसलेली आणि तिच्या पुढ्यातला चहा साय धरून गार झालेला. चहा गार होऊ देणारी मुलगी नाही ती. मी चप्पल न काढताच आत गेलो.

"काय झालं?"

"कॅमेऱ्यानं पकडलं, बाबा. वेगात."

मी कागद उचलला. पन्नासच्या रस्त्यावर बाहत्तर. मर्यादेच्या वर वीसपर्यंत दंड भरून सुटका होते. वीसच्या पुढे गेलं की तो गंभीर गुन्हा, आणि लायसन वर्षभर जप्त. मी तिसऱ्यांदा आकडा वाचला, तो काही बदलला नाही.

तिला हॉस्पिटलात लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं आणि घरी सोडायचं, ही तिची ड्यूटी. सायरन नाही, लाल दिवा नाही, साधी पांढरी गाडी. या नोकरीसाठी तिनं दोन वर्षं अर्ज केले होते. त्याआधी ती माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, आणि सोडून गेली म्हणून मी आठवडाभर तोंड फुगवून बसलो होतो. आता लायसन गेलं की नोकरी गेली. लायसन नसलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवून घेणार?

"शक्यच नाही," मी म्हणालो. "कॅमेरा बिघडलेला असणार. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी बाहत्तरनं जाते? आपण हरकत घ्यायची."

"बाबा, राहू द्या ना. मी बघते काय ते."

"काय बघतेस? एकतीस वर्षं मी हेच करतोय!"

तिनं गार चहाचा कप उचलला आणि आत निघून गेली. मला वाटलं, घाबरली असेल.

पुढचे दहा दिवस मी कामाला लागलो. रागावर मला भलतं काम सुचतं, हे आमच्या हिचं म्हणणं. टेप घेऊन त्या रस्त्यावर गेलो. पाटीपासून कॅमेऱ्यापर्यंत अंतर मोजलं. पन्नासची पाटी झाडाच्या फांदीआड अर्धी लपलेली सापडली, तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं. सात बाजूंनी फोटो काढले. समोरच्या दुकानदारानं विचारलं, "रस्ता रुंद होणार का हो?" मी म्हटलं, "अक्कल रुंद करायची आहे काही लोकांची." कॅमेरा शेवटचा कधी तपासला, याचा दाखला मागणारं पत्र लिहिलं. हस्ताक्षर बरं नाही म्हणून दोनदा लिहिलं.

धाकटी रोज कामावर जात होती. निकाल लागेपर्यंत गाडी चालवायला परवानगी होती. मी फाईल दाखवायला लागलो की ती मान हलवायची आणि उठून जायची. एकदा आमच्या हिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "तिला विचारलंत का, त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्यात विचारायचं काय? काही झालंच नाही."

 ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "मला उशीर होतोय." घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं आमच्याकडे, तिनंच ठेवलेलं. घरातला प्रत्येक जण मनात दहा मिनिटं वजा करतो आणि निवांत बसतो.

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात गळणारं पाण्याचं यंत्र आणि त्याखाली ठेवलेली बादली. अधिकारी बाई साधारण माझ्या बहिणीच्या वयाच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. मी फाईल उघडली आणि सुरू झालो. पाटी, फांदी, अंतर. बाईंनी शांतपणे सगळे फोटो पाहिले.

"मास्तर, मेहनत चांगली घेतलीत," त्या म्हणाल्या. "पण याच्या अलीकडे दोनशे मीटरवर आणखी एक पाटी आहे. ती स्वच्छ दिसते. आणि कॅमेऱ्याचा दाखला हा घ्या. घटनेच्या आधी नऊ दिवस तपासलाय."

माझ्या फाईलमधली हवाच गेली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि धाकटीकडे वळल्या. आवाज चढा नव्हता.

"हे बघा, नियम कडक आहे. पण सबळ कारण असेल, तर लायसन जप्त न करता नुसत्या दंडावर सोडायचा अधिकार मला आहे. त्या दिवशी काय झालं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मागे आजोबा होते," धाकटी म्हणाली. "डायलिसिस करून घरी चालले होते. त्यांना उलटी व्हायला लागली. मी आरशात त्यांच्याकडे बघत होते आणि रस्त्याकडे पण."

"मीटरकडे पाहिलंत?"

"हो."

"किती दिसत होतं?"

टेबलाच्या कडेचा एक टवका ती नखानं उकरत होती.

"सत्तरच्या थोडं वर."

"दिसत होतं? मग वेग कमी का केला नाहीत?"

"लक्षात नाही आलं."

"सत्तर दिसतंय, पाटीवर पन्नास आहे, आणि लक्षात येत नाही? कामच आहे तुमचं हे."

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ती मुद्दाम पाहत नव्हती, आणि त्यावरूनच मला कळलं. सत्तर वजा वीस. पन्नास.



स्कूलच्या गाडीचा वेगाचा काटा मी पुढे करून घेतला आहे. खरे पन्नास असले की तो सत्तर दाखवतो. अकरा वर्षांपूर्वी आमचा थोरला गेला, एकविसाव्या वर्षी, मोकळ्या रस्त्यावर, मीच शिकवलेला. काटा नव्वदच्या पुढे अडकलेला होता, असं पंचनाम्यात लिहिलंय. तो गेल्यावर तेराव्या आठवड्यात मी स्कूल पुन्हा उघडलं आणि पहिल्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. मीटरच्या वायरीला एक छोटं दातेरी चाक असतं, ते त्यानं बदलून दिलं. तेव्हापासून माझी शिकाऊ मंडळी काट्याकडे बघून आपोआप घाबरतात आणि हळू चालवतात. दरवर्षी तपासणीला ब्रेक बघतात, दिवे बघतात, टायर बघतात. काट्याकडे कोणी बघत नाही. सापडलं असतं तर स्कूलचा परवाना त्याच दिवशी गेला असता.

हे गुपित मिस्त्री सोडून एकाच माणसाला माहीत होतं. धाकटी माझ्याबरोबर शिकवायला लागली तेव्हा हायवेला गोगलगायीसारखी चालवायची, मागचे ट्रक हॉर्न मारमारून हैराण करायचे. मीच तिला सांगितलं, "अगं, आपल्या काट्यातून वीस वजा करायचे." सहा वर्षं ती वीस वजा करत होती. हॉस्पिटलच्या नव्या गाडीत इंजिनाचा आवाज नाही, हादरा नाही. मागे म्हातारा ओकतोय, अर्धा डोळा त्याच्यावर, आणि काट्यावरून नजर फिरली तशी सवयीनं तिनं वजाबाकी केली असणार. अशी चूक जगात दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. फक्त आमच्या घरात होऊ शकत होती.

"मॅडम," मी उभाच राहिलो. "चूक तिची नाही, माझी आहे. माझ्या स्कूलच्या गाडीचा मीटर—"

"बाबा, खाली बसा."

"—मी वीसनं पुढे करून घेतलाय. ती सहा वर्षं तीच गाडी चालवत होती. तिला सवय लागली. मीच लावली."

बाईंनी पेन उचललं. "म्हणजे शिकवण्याच्या गाडीचा मीटर तुम्ही जाणूनबुजून बदललाय? मास्तर, काय बोलताय ते कळतंय ना? हे मी लिहिलं, तर गाडी आज संध्याकाळी तपासणीला जाईल. आणि मग परवान्याचं काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. मात्र हिच्या बाबतीत मला याचा विचार करता येईल."

"लिहा," मी म्हणालो.

"नका लिहू, मॅडम," धाकटी म्हणाली. तिनं टेबलाखाली माझं मनगट धरलं होतं, घट्ट. "असं काही नाहीये. मीटर चांगला आहे. माझा दादा गाडीत गेला. तेव्हापासून बाबांना रस्त्यावरची प्रत्येक चूक स्वतःचीच वाटते. घरी पण असंच बोलतात. तुम्ही मनावर घेऊ नका."

मी तोंड उघडलं. खोटं बोलतेय ती, एवढंच म्हणायचं होतं. पण परक्या माणसासमोर थोरल्याचं नाव निघालं की मला पुढचं बोलता येत नाही, अकरा वर्षं झाली तरी. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. स्कूलची पाटी डोळ्यांपुढे आली. आमची ही डोळ्यांपुढे आली. सकाळी उठून जायला जागा नाही, असा मी डोळ्यांपुढे आलो. त्या एका क्षणात मी दुसऱ्यांदा 'लिहा' म्हणू शकलो असतो. मी खाली बसलो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग तिच्याकडे. त्यांना कळलं असावं, असं मला आजही वाटतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"दुसरं काही कारण?"

"नाही," धाकटी म्हणाली.

त्यांनी लायसन मागितलं. तिनं पर्समधून काढून दोन्ही हातांनी दिलं, बक्षीस द्यावं तसं.

जिन्यात मी तिच्यावर ओरडलो. मला तेवढंच येतं. "कोणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? सुटली असतीस!"

"आणि तुम्ही?" ती पायरीवर थांबली. "स्कूल बंद झालं तर तुम्ही घरात बसून दादाच्या फोटोकडे बघत बसाल. आई काय काय बघेल, बाबा? मला वर्षानं लायसन परत मिळेल. तुम्हाला परवाना कोणी परत देणार नाही."

"नोकरी गेली ना पण तुझी."

"गेली," ती म्हणाली, आणि तिथं पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "ते आजोबा दरवेळी म्हणायचे, तुझ्या गाडीत झोप लागते मला. त्यांना कोण नेईल आता, कोणास ठाऊक."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली, जिन्यातून येणारी-जाणारी माणसं बाजूनं गेली.

घरी न जाता मी धाकटीला घेऊन स्कूलची गाडी सरळ मिस्त्रीकडे नेली. "पहिल्यासारखं कर," एवढंच म्हणालो. त्यानं मीटरची वायर सोडवली, मूळ मापाचं चाक बसवलं आणि काढलेलं चाक माझ्या तळहातावर ठेवलं. शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं, दात झिजलेलं. एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर मी अकरा वर्षं झोपलो होतो. मी ते खिशात टाकलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी स्टिअरिंगवर, आणि धाकटी शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर. तिच्या पायापाशी तो जादा ब्रेक, शिकाऊ माणूस चुकला तर मास्तरनं दाबायचा. ती खिडकीबाहेर बघत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो. वर्षभर तू ऑफिस सांभाळ, फोन घे, थिअरीचे तास घे, मग पुन्हा अर्ज करू, त्या हॉस्पिटलाच्या साहेबांना मी भेटतो. ती हूं हूं करत होती.

अचानक गाडी खाडकन हिसका देऊन मंदावली. माझा पाय ब्रेकवर नव्हता. तिचा होता.

"काय गं?"

"बाबा, सत्तर."

"म्हणजे पन्नास," मी म्हणालो. "वीस वजा—"

आणि माझे शब्द माझ्याच कानांवर आले. रस्त्याच्या कडेला पन्नासची पाटी होती, अगदी स्वच्छ. काटा आता खरा होता. मी सत्तरनं चाललो होतो, आरामात, हळू चाललोय अशा समजुतीनं, शेजारी उरलेलं एकुलतं एक लेकरू बसवून.

मी गाडी कशीबशी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी थोरल्याला हाक मारली, मग धाकटीला, कोणाची माफी मागत होतो ते मलाही कळत नव्हतं. ती "हो बाबा, हो," म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गाडी केव्हाच थांबली होती, तरी तिनं ब्रेकवरचा पाय काढला नव्हता.