टोपी उतरल्यावर

आमचं ट्रॉटवेल हाऊस म्हणजे जुन्या घराचं संग्रहालय, तिथे आम्ही त्या काळची माणसं होऊन वावरतो, आणि एकच नियम कडक आहे. मागच्या दाराजवळच्या खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यावर चढली, की साल १७७२. पुढे जगात जे जे घडलं, त्यातलं आपल्याला काही ठाऊक नाही. पाहुण्यांनी मोबाइल पुढे केला तर ‘ही कसली आरशाची डबी?’ असं विचारायचं. टोपी खुंटीवर गेली की आपण आपले. म्हणजे मी विल्मा टटल, शाळेच्या कँटीनमधून निवृत्त, गुडघे दुखरे. टोपीखाली मी टॅम्झिन, या घरची मोलकरीण. आणि कोरिन बॅबकॉक ही घरची मालकीण, मिसेस ट्रॉटवेल.

कोरिन आणि मी इथे एकाच उन्हाळ्यात आलो, तेव्हा दोघीही मोलकरणीच होतो. एकमेकींच्या पाठीच्या नाड्या आवळायचो, चुलीतली भाजलेली सफरचंदं पाहुण्यांची नजर चुकवून खायचो. संध्याकाळी दार बंद झालं की टोप्या मांडीवर घेऊन पायरीवर बसायचो आणि थर्मासमधली कॉफी पीत दिवसभरातल्या पाहुण्यांच्या नकला करायचो. हसून हसून पोट दुखायचं. तसं हसणं मला पुन्हा मिळालं नाही.

मग मालकीण होणारी जुनी बाई थकली आणि संग्रहालयाच्या समितीला नवी निवडायची वेळ आली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला ते काम हवं होतं. मिळालं कोरिनला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “आवाज मालकिणीचा आहे खरा, पण बाईंना पावाची भट्टी पेटवता येत नाही.”

तिच्याही जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “काहीजणी मोलकरीण म्हणूनच शोभतात.”

तिथून अबोला सुरू झाला, तो नऊ वर्षं. पण दर मे महिन्यात घर उघडायचं आणि मालकिणीला मोलकरीण लागायचीच. त्यामुळे टोप्या डोक्यावर असेपर्यंत आम्ही दिवसभर बोलायचो. ती खडसावायची, मी उलट उत्तरं द्यायचे, पाहुणे खूश. टोप्या उतरल्या की गाड्यांपर्यंत अनोळखी बायांसारख्या चालत जायचो. दुकानात ती दिसली तर मी ढकलगाडी दुसरीकडे वळवायचे. आणि तरी सगळा हिवाळा मी मे महिन्याची वाट बघायचे, कारण मे आला की कोणीतरी मला ‘टॅम्झिन, कुठे उलथलीस?’ असं विचारणार असायचं.

या वर्षी ऑक्टोबरात तिकीट खिडकीवरच्या मुलीकडून कळलं, की कोरिनने आपलं राहतं घर विकलं. मुलगा तिला ॲरिझोनाला घेऊन चालला होता, आणि हंगामाचा शेवटचा रविवार हाच तिचाही शेवटचा दिवस होता. टॅम्झिनचा निरोप ती घेईल हे मला माहीत होतं. विल्माचा कोण घेणार? मला तिच्याशी विल्मा म्हणून एकदा बोलायचं होतं, आणि नऊ वर्षं गिळलेले शब्द एका दिवसात तोंडावाटे बाहेर पडत नाहीत.

त्या रविवारी पाव भाजायचे होते. स्वयंपाकघर पाहुण्यांनी भरलं होतं. एका मुलीने विचारलं, “भट्टी तापली हे कसं कळतं?” हे काम नेहमीच माझं. बाही वर करून उघडा हात आत धरायचा आणि मोजायचं. वीस म्हणेपर्यंत टिकला तर पाव आत. मी बाही सारली, तेवढ्यात कोरिन म्हणाली, “थांब, टॅम्झिन. आज मी बघते.”

तिने झालरीची बाही कोपराच्या वर खोवली आणि हात आत घातला. मी मोजू लागले. आठला तिचा चेहरा लाल झाला.

“मालकीणबाई, काढा आता. फार तापलीय.”

“तू मोज.”

दहाच्या पुढे मला राहवेना. मी तिचा दंड धरून हात बाहेर ओढला. लव करपल्याचा वास आला. पाहुण्यांना वाटलं, हे रोजचंच असेल, ते हसले.

“इतकी वर्षं तुझाच हात आत जात होता,” ती हात चोळत म्हणाली. “म्हटलं, जाण्याआधी कळू दे कसं लागतं ते.”

टॅम्झिनला काही ठाऊक नव्हतं, म्हणून मला विचारावं लागलं. “जाण्याआधी म्हणजे? कुठे निघालात?”

“मुलाने पश्चिमेला जमीन घेतलीय. म्हणतो, आई, एकटी राहू नकोस.”

“आणि तिकडे तुमची भट्टी कोण पेटवणार?”

“तेच तर. मला कुठे येते पेटवता?”

पाहुणे पुन्हा हसले. मी चुलीकडे वळले आणि डोळे पुसले. धुराचं निमित्त हाताशी होतंच. भट्टी जरा निवल्यावर पाव आत गेले आणि चांगले फुगले. पहिल्या पावाचा कडेचा तुकडा मालकिणीचा असतो. तिने त्यावर काकवी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

पाच वाजता टोप्या खुंटीवर गेल्या. कोरिनने काळा चष्मा चढवला, मी किल्ल्या काढल्या, आणि आम्ही नेहमीसारख्या एकमेकींपासून लांब चालत गेलो. तिचा मुलगा गाडीत थांबला होता. दार धरून ती जरा वेळ उभी राहिली. मला हाक मारायची होती. मी किल्ल्याच चाळत राहिले. ती आत बसली आणि गाडी सुरू झाली.

मी गुडघे विसरून मागच्या दाराकडे धावले. अंगात जॅकेट असतानाच खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि गाडीला आडवी गेले. दिसत असेन बुजगावण्यासारखी. काच खाली आली.

“मालकीणबाई,” मी म्हणाले, “भट्टीतली राख काढून ठेवू का?”

मुलगा आमच्या दोघींकडे बघत राहिला. कोरिनने चष्मा काढला. डोळे ओले होते, केस दिवसभराच्या टोपीने चपटे झाले होते.

“ठेव,” ती म्हणाली. “आणि फोन कर, विल्मा.”

“करते गं,” मी म्हणाले, आणि टोपी काढली.