डावा कान

बारा वर्षं नर्स होते, मग शिकून नर्स प्रॅक्टिशनर झाले, आणि आता चाळिशीत अमेरिकेतल्या डुलुथच्या आयसीयूत फेलोशिप करतेय. म्हणजे पुन्हा नव्यानं सगळ्यांची बोलणी खायची. आमच्या डॉक्टर व्हिटकॉम्बचा एक हट्ट आहे: रुग्णाला वाचवायचे प्रयत्न थांबवण्याआधी खोलीतल्या सगळ्यांना विचारायचं, अजून काही सुचतंय का. उत्तर कधीच येत नाही, पण विचारायचं.

आज पहिल्यांदाच सूत्रं माझ्या हातात होती. म्हाताऱ्या ओर्विल लुंडक्विस्टचं हृदय बंद पडलं होतं. छाती दाबून झाली, इंजेक्शनं झाली, शॉक झाले. त्याची बायको व्हर्ना पर्स पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होती. पडद्यावरची रेघ सरळच राहिली.

मी मोठ्यांदा विचारलं, "थांबायचं ना? कुणाला अजून काही सुचतंय?"

"मला सुचतंय," व्हर्ना म्हणाली.

व्हिटकॉम्ब माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच तिला पढवलं होतं.

"अगं, सकाळपासून तुम्ही सगळे उजवीकडून हाका मारताय त्याला. त्या कानानं ठार बहिरा आहे तो. डावीकडून मार की!"

सकाळच्या राउंडला मीच ऐटीत सांगितलं होतं, 'हाकेला प्रतिसाद नाही.'

मी डावीकडच्या नळ्या, सलाइनचे स्टँड सरकवले, त्याच्या कानाशी वाकले आणि हाक मारली, "ओर्विल!"

मी पडद्याकडे बघितलं. रेघ सरळच.

"पुन्हा मार," व्हर्ना म्हणाली. "पहिल्या हाकेला तो कधीच ओ देत नाही."