अकराव्या बोटाचे सूर

अल्सीडनं भोकं पाडलेला कागदी रोल पियानोत चढवला, पायानं भाता मारला आणि त्या भोकांबरहुकूम आपोआप खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवू लागला. दहाही बोटं संपली, तरी वरच्या अंगाला तीन पट्ट्या खालीवर होतच होत्या. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच.

रोलच्या डबीवर त्याचंच नाव छापलं होतं: रचना आणि वादन, अल्सीड फॉन्टनेट. दोन वर्षांपूर्वी रोल बनवणाऱ्या कंपनीत बसून त्यानंच हे गाणं वाजवून दिलं होतं. पण शिकागोतल्या ज्या नाचघरात तो आज नोकरी मागायला आला होता, तिथल्या मालकाला, पर्व्हिसला, ते पटत नव्हतं. गिऱ्हाइकांना हे गाणं रोलवरून तोंडपाठ झालेलं, आणि अल्सीडच्या वाजवण्यात वरची ती किणकिणच नव्हती.

“न्यू ऑर्लिन्सहून येणारा जो तो फॉन्टनेटच असतो,” पर्व्हिस म्हणाला. “या महिन्यातले तुम्ही तिसरे.”

अल्सीडला राग यायला हवा होता, पण तो नुसता गोंधळून गेला. तेव्हा आपला हात इतका चालत होता? मग आता काय झालं त्याला? त्यानं तळहात उलटसुलट करून पाहिले.

त्याची बायको लेओंटीन दारापाशी खुर्चीवर बसली होती. लग्नाआधी ती त्याच कंपनीत रोलना भोकं पाडायची. तिथंच दोघांचं जमलं.

“वरची किणकिण माझी आहे,” ती म्हणाली. “कंपनीतला साहेब म्हणाला, गाणं जरा भरगच्च कर. मी वरच्या सुरांची भोकं वाढवली.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगणार होते. पण रोल ऐकून तू म्हणालास, काय झकास वाजवलंय मी!”

अल्सीडचे कान तापले. दोन वर्षं त्यानं तिच्याचपुढं त्या रोलची फुशारकी मारली होती आणि ती मान डोलावत राहिली होती. पर्व्हिस त्यांना वाटेला लावायला उठला.

अल्सीड बाकाच्या कडेला सरकला.

“बस इथं.”

“मला कुठं वाजवता येतं? भोकं कुठं पाडली तेवढं ठाऊक आहे.”

“तेवढंच दाखव.”

तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक बोट वरच्या पट्टीवर दाबलं; रोलमधलीच किणकिण उमटली. पर्व्हिसचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला होता. दार काही त्यानं उघडलं नाही.