रिकाम्या हॉलचा फोटो

सरकारी इस्पितळाच्या नव्या सिस्टीमवर पाण्यासारखा पैसा ओतून झाला, तेव्हा वरच्यांना सुचलं की तिचा फायदा होतोय का, हे कुणीतरी बघायला हवं. त्यासाठी नेमलेल्या माणसाला सगळे फायदेसाहेब म्हणत. काम सरळ होतं. फायदा झाला असेल तर दाखवायचा, झाला नसेल तर जास्त मेहनतीने दाखवायचा. नोकरी कंत्राटी होती. अहवाल आवडला तर कायम, नाहीतर घरी.

योजनेत पहिलाच फायदा लिहिला होता, नेत्रविभागाबाहेरची गर्दी संपेल. लोक घरून नंबर लावतील आणि वेळेवर येतील. लोक घरून नंबर लावतही होते, पण उजाडल्यापासून येऊन बसतही होते, कारण आपला नंबर स्क्रीनवर कधी येईल याचा कुणालाच भरवसा नव्हता. मुख्यालयातल्या मोठ्या बाईंना तर अहवालासोबत रिकाम्या हॉलचा फोटो हवा होता. तोही आजच.

हॉलमध्ये तिसऱ्या बाकावर आत्या बसली होती. आईवेगळ्या फायदेसाहेबांना हिनेच लहानाचं मोठं केलं. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख आज मिळायची होती. महिन्याभरात ऑपरेशन झालं तर हा डोळा राहील, एकदा गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

फायदेसाहेब कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीला म्हणाले, "नंबर जरा थांबवता येतील?"

"येतील. पण सिस्टीम बंद होती अशी नोंद वर जाईल. आणि चालू ठेवली तर हाक मारून जो येणार नाही, त्याचं प्रकरण आपोआप बंद होईल."

"राहू दे चालू," फायदेसाहेब म्हणाले. "पाच मिनिटांत काय आभाळ कोसळतंय."

मग त्यांनी लोकांना मागच्या अंगणात जायला सांगितलं. कुणी हललं नाही.

"नंबर गेला तर?" डोळ्याला पट्टी बांधलेल्या एका हमालाने विचारलं.

"जात नाही. मी आहे ना."

तेवढ्यात आत्या उठली. "उठा हो सगळे. माझ्या पोराचं काम आहे. तो लहानपणापासून कधी खोटं बोललेला नाही." भिंत चाचपत ती पुढे निघाली, तशी बाकीच्यांनाही बसून राहायची लाज वाटली.

हॉल रिकामा झाला. जागा धरायला आत्याने आपली कापडी पिशवी बाकावर ठेवली होती. ती फोटोत येत होती, म्हणून फायदेसाहेबांनी उचलून खांबामागे ठेवली. बाकं सरळ केली. उजेड मनासारखा येईना, म्हणून पुन्हा फोटो काढले. तोवर मागे स्क्रीनवर नंबर भराभर झळकून जात होते. त्या दिवसाइतक्या वेगाने ती सिस्टीम आधी कधी चालली नव्हती.

लोक परत आले तेव्हा स्क्रीनवर आजचं काम संपल्याचं लिहून आलं होतं. सगळ्यांची प्रकरणं बंद, कारण रुग्ण गैरहजर.

"तुम्हीच पाठवलंत ना मागे?" हमाल म्हणाला.

"पुन्हा नंबर लावा," फायदेसाहेब म्हणाले आणि आत निघून गेले. नवा नंबर चार महिन्यांनंतरचा मिळत होता.

घरी जेवताना आत्याने विचारलं, "बाळ, तुला उघडता येतं ना रे ते बंद झालेलं?"

येत होतं. एक बटण दाबायचं होतं. पण उघडलेल्या प्रकरणाचं कारण मुख्यालयात जातं, आणि एकाचं कारण गेलं की हॉलभर माणसं एकदम गैरहजर कशी झाली, हा प्रश्न आलाच असता. शिवाय त्या एका दिवसामुळे प्रलंबित प्रकरणं इतकी घटली होती की अहवालाला दुसरा फायदाही आयता मिळाला होता.

"बघतो आत्या. एकदा अहवाल जाऊ दे."

"हो, हो. आधी तुझं होऊ दे."

त्यांना स्वतःची लाज वाटली. ताक पिऊन होईपर्यंत ती टिकली. अहवाल गेला, मग तपासणी आली, मग मोठ्या बाईंचा दौरा ठरला. दर वेळी एवढं झालं की बघतो. महिना केव्हाच उलटला. आत्याने विचारायचं सोडलं, आणि पुढे एका सकाळी खिडकी उघडी असताना तिने विचारलं की अजून उजाडलं कसं नाही.

फायदेसाहेब कायम झाले. सत्कार त्याच हॉलमध्ये होता आणि भिंतीवर तो फोटो मोठा करून लावला होता. आत्याचा हात धरून त्यांनी तिला तिथवर आणलं. तिने काचेवरून बोटं फिरवली.

"काय आहे रे यात?"

"हॉल आहे. रिकामा."

"आणि आम्ही?"

"तुम्ही मागे होतात."

"माझी पिशवी तरी दिसते का कुठे?"

"नाही, आत्या."

"मग छान आला असेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकच होतं.

मोठ्या बाईंनी सगळ्यांना फोटोसाठी बोलावलं. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं आणि हाताने खूण केली, त्या आजी मध्ये येतायत. फायदेसाहेबांनी आत्याला अलगद धरून खांबामागे नेलं आणि तिचा हात खांबावर टेकवला.

"इथेच थांब हं. पाच मिनिटं," ते म्हणाले, आणि केस नीट करत बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.